गळ्यातलं ग्रीक सोनं: जुनं नाणं दागिना म्हणून घेताना

आजीच्या पुतळीच्या माळेत एक पुतळी बाकीच्यांपेक्षा जाड होती. बाकीच्या सगळ्या सोनाराने ठशात दाबून काढलेल्या, कागदासारख्या पातळ. ही एकच खरी. व्हेनिसचं डुकाट, साडेतीन ग्रॅमचं, संत मार्कसमोर गुडघा टेकून बसलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा सत्ताप्रमुख, त्यावर. व्यापारातून आपल्याकडे आलेल्या या नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून ती पुतळी. ग्रीसच्या खेड्यांत सोन्याच्या अशाच नाण्यांना फ्लुरी म्हणत, आणि लग्नाच्या पोशाखावर बायका त्यांच्या रांगाच्या रांगा छातीभर मिरवत. हुंडा, बचत आणि नटणं, तिन्ही एकाच माळेत. आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं.

सांगायचा मुद्दा हा, की नाणं गळ्यात घालणं आपल्याला कुणी शिकवायला नको. मात्र प्राचीन ग्रीक सोन्याचं नाणं, म्हणजे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियाच्या राजांनी पाडलेलं वगैरे, हे प्रकरण पुतळीपेक्षा नाजूक आहे. कायद्याने नाजूक, बाजारात नाजूक आणि हाताळायलाही नाजूक. मी लंडनमध्ये राहते, असं एक नाणं गेली काही वर्षं घालते आणि ते घेताना केलेल्या चुका अजून लक्षात आहेत. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी, ते क्रमाने सांगते.

पहिलं पाऊल: घालायचंय की जपायचंय?

हा प्रश्न आधी सोडवा, मग पैशांचं बोला. अंगाखांद्यावर घालायचं असेल तर धड, कधीही न दुखावलेलं नाणं घेऊ नका. आधीच जखमी झालेलं घ्या.

जखमी म्हणजे काय? कुणीतरी केव्हातरी त्याला कडी झाळली आणि नंतर ती काढून कानस फिरवली. किंवा चौकटीत बसवलं आणि नाणं धरून ठेवणाऱ्या पंज्यांचे वळ कडेला उमटले. किंवा भोक पाडून बुजवलं. लिलावाच्या याद्यांमध्ये अशा नाण्यापुढे ‘एक्स-ज्युवेलरी’, ‘माउंट रिमूव्हड’ असं लिहिलेलं असतं, कधी नुसतंच ‘एज मार्क्स’. संग्राहक त्या नोंदीला नाक मुरडतात आणि किंमत खाली येते. आपल्यासाठी तोच फायदा. नाण्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं, ते आपल्या हातून होत नाही, आणि गळ्यात घातल्यावर कडेचा वळ चौकटीखाली झाकला जातो.

अशी नाणी भरपूर मिळतात, कारण ही हौस फार जुनी आहे. अलेक्झांडरच्या काळातले ग्रीक स्वतः नाण्यांचे दागिने क्वचितच करत. खरी लाट आली रोमन काळात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सोन्याच्या जाळीदार चौकटीत नाणं बसवून गळ्यात घालण्याची पद्धत चांगलीच रुळली होती. रोममधल्या मॅक्रियानस घराण्याबद्दल लिहून ठेवलंय की पुरुषांच्या अंगठ्यांवर आणि बायकांच्या केसांच्या जाळीवर, बांगड्यांवर अलेक्झांडरची प्रतिमा असायची. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑकमध्ये जॉन क्रिसोस्टम हा धर्मगुरू लोकांना झापतो आहे: अलेक्झांडरची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायाला कसली बांधता? दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात ताईत बांधणाऱ्या देशातल्या माणसाला त्या लोकांची बाजू लगेच कळते. आपल्या दख्खनमध्येही तेर आणि कोंडापूरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, टांगायला भोक किंवा कडी ठेवलेल्या. सोनं परवडत नव्हतं, हौस होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने प्राचीन धाटणीचे दागिने पुन्हा चलनात आणले. आणि १८८४ साली रोममध्ये दुकान थाटणाऱ्या सोतिरिओ बुल्गारी या एपिरसच्या ग्रीक चांदी कारागिराच्या पेढीने १९६०च्या दशकापासून खरी प्राचीन नाणी जाडजूड साखळ्यांत बसवायला सुरुवात केली. नाणं कुणाचं आणि कुठलं ते चौकटीवर कोरून द्यायची त्यांची रीत आहे. ती उचलण्यासारखी आहे, पुढे सांगते.

खरं नाणं घ्यायचंच नसेल तर चांगली नक्कल घ्या, त्यात काही कमीपणा नाही. अथेन्सच्या प्लाका भागात दुकानोदुकानी मिळतात. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. घुबडाचं नाणं सोन्यात दिसलं की ती नक्कलच समजा. अथेन्सचं घुबड हे चांदीचं नाणं. सोन्याची नाणी अथेन्सने पाडली ती स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी, तिजोरी रिकामी झाल्यावर, नाइकी देवीच्या मूर्तींवरचं सोनं वितळवून, आणि ती इतकी दुर्मीळ आहेत की दुकानाच्या काचेत लटकणार नाहीत.

दुसरं पाऊल: नाण्यांची तोंडओळख

ग्रीक सोन्याच्या नाण्यांच्या असंख्य जाती आहेत, पण नवख्याच्या वाट्याला येतात ती चार-पाच जातींचीच.

सर्वात जास्त मिळतं ते अलेक्झांडरचं स्टेटर, म्हणजे त्या काळचं नेहमीचं सोन्याचं नाणं. वजन ८.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या तोळ्याच्या हिशेबात जवळजवळ पाऊण तोळा. रुंदी अठरा मिलिमीटरच्या आगेमागे, आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, पण जाड आणि चांगलंच उठावदार. सोनं जवळजवळ शुद्ध. पुढच्या बाजूला शिरस्त्राण मागे सारलेली अथेना, शिरस्त्राणावर बहुधा वेटोळं घातलेला साप. पुष्कळ ठशांवर तिच्या कानात डूल आणि गळ्यात मण्यांची माळ असते. दागिना म्हणून घ्यायच्या नाण्यावर देवीच नटलेली, हे मला फार आवडतं. मागे पंख असलेली नाइकी उभी, एका हातात पुष्पचक्र, दुसऱ्या हातात जहाजाची काठी. बाजूला ग्रीक अक्षरांत ‘अलेक्झांद्रू’. ही षष्ठी आहे: अलेक्झांडरचं. आपल्या ताटावाट्यांवर नाव घालतो तसंच.

विक्रेता तुम्हाला सांगेल, ‘सिकंदरचा चेहरा आहे.’ तर तो अथेनाचा चेहरा दाखवून सांगतोय. अलेक्झांडरच्या सोन्याच्या स्टेटरवर त्याचा चेहरा नसतो. आणखी एक गंमत. काही स्टेटरांवर नाइकीच्या पायाशी त्रिशूळ दिसतो. त्याचा शंकराशी संबंध नाही, ती टांकसाळीची खूण आहे. अशा खुणांवरूनच नाणं अँफिपोलिसचं, सार्डिसचं की बॅबिलॉनचं ते ठरवतात. अलेक्झांडर ख्रिस्तपूर्व ३२३ मध्ये गेला, पण त्याच्या नावाची नाणी पुढेही कितीतरी वर्षं पडत राहिली. हयातीतलं नाणं महाग, नंतरचं जरा स्वस्त. गळ्यात दोन्ही सारखीच दिसतात.

त्याचा बाप दुसरा फिलिप. त्याच्या स्टेटरवर पुढे अपोलो आणि मागे धावता दोन घोड्यांचा रथ. पांगायॉन डोंगराकडच्या सोन्याच्या खाणी ख्रिस्तपूर्व ३५६ मध्ये त्याच्या हाती लागल्या आणि हे नाणं इतकं पसरलं की पार गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, केल्ट लोकांनी त्याच्या नकला पाडल्या, नकलांच्या नकला पाडल्या, शेवटी रथाचे तुकडे-तुकडे होऊन नुसती नक्षी उरली. रथाची बाजू दर्शनी ठेवली तर फार देखणी दिसते.

अलेक्झांडरचा खराखुरा चेहरा हवा असेल तर लायसिमाकसचं स्टेटर पाहा. लायसिमाकस हा त्याच्या सरदारांपैकी एक. त्याने नाण्यावर मेलेल्या राजाला देव करून टाकलं, कानाशी अमॉन या इजिप्शियन देवाचं मेंढ्याचं शिंग असलेला. मागे बसलेली अथेना. हीच जात काळ्या समुद्रावरच्या शहरांनी पुढे दोनशे वर्षं चालवली. उशिराच्या नाण्यांवर डोळे मोठे आणि केस पिसाट होत जातात. तज्ज्ञ त्याला उतरती कला म्हणतात. मला ती उशिराची जास्त भावतात.

टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या इजिप्तमधलं आर्सिनोई राणीचं मोठं नाणं सत्तावीस ग्रॅमच्या वर भरतं. डोक्यावर पदर घेतलेली राणी, आपल्याकडच्या एखाद्या घरंदाज बाईसारखी. मागे फळांनी भरलेली जोडशिंगं. पण किंमत आणि वजन दोन्ही गळा दाबणारं. ते म्युझियमच्या काचेतच बघावं.

आणि सर्वांत शेवटी नवख्यासाठी सर्वांत शहाणी निवड: हेक्टे. मितिलिनी आणि फोकाया या प्राचीन ग्रीक शहरांतली ही चिमुकली नाणी, अडीच ग्रॅमची, रुंदी सेंटिमीटरभर. धातू इलेक्ट्रम, म्हणजे सोनं आणि चांदीचं मिश्रण, रंग फिकट पिवळा. त्यामुळे शुद्ध सोन्यापेक्षा टणक आणि रोज घालायला बरं. देव, सिंह, वासरू, कोंबडा, इतक्या तऱ्हा की निवडताना संध्याकाळ होते. स्टेटरपेक्षा पुष्कळ कमी पैशात खरं प्राचीन नाणं अंगावर येतं.

घेण्याआधी खरी नाणी डोळ्यांखालून घाला. अथेन्समध्ये नाणे संग्रहालय आहे, ट्रॉय खणणाऱ्या हाइनरिख श्लीमानच्या राहत्या वाड्यात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नाण्यांच्या विभागाच्या अभ्यासकक्षात आधी वेळ घेऊन जाता येतं. महाराष्ट्रात असाल तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथे ग्रीक सोनं बघायला म्हणून जाऊ नका, नाणं वाचायचं कसं ते शिकायला जा. आणि लिलावाआधी माल बघायची वेळ असते, तिथे कुणीही नोंदणीकृत बोलीदार नाणं हातात घेऊन बघू शकतो. फुकट शाळा आहे ती.

तिसरं पाऊल: कायदा

कंटाळवाणं आहे, पण हे चुकलं तर नाणंही जातं आणि अब्रूही.

ग्रीसमध्ये १८३०पर्यंतच्या वस्तू कायद्याने प्राचीन ठरतात. सापडलेलं नाणं सरकारला कळवावं लागतं, जवळ ठेवायला परवाना लागतो, देशाबाहेर न्यायला वेगळा. म्हणजे सुट्टीवर असताना गावातल्या आजोबांनी ‘शेतात सापडलं’ म्हणून पुढे केलेलं नाणं खरं निघालं तर गुन्हा, खोटं निघालं तर फसवणूक. दोन्हीकडून तुमचीच पंचाईत. तुर्कस्तानात नियम याहून कडक आहेत. तिथे तर हातही लावू नका. अमेरिकेने २०११ पासून काही जातीच्या ग्रीक नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातलेत, युरोपीय संघाचे प्राचीन वस्तूंच्या आयातीचे नियम जून २०२५ पासून लागू झालेत.

भारतात १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू, आणि पुरावस्तू देशाबाहेर खासगी माणसाला नेता येत नाही. ती मुळात ग्रीसमध्ये पाडली गेली, हे विमानतळावर सांगून उपयोग नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींचा घोटाळा इथेच होतो. लग्नाला येताना हौसेने घालून येतात आणि परत जाताना प्रश्न उभा राहतो. मी पुण्याला जाताना माझं नाणं इथेच ठेवून जाते आणि नक्कल घालते. आजवर एकाही मावशीला फरक कळलेला नाही. भारतात मागवायचं असेल तर आधी कस्टमच्या कामात मुरलेल्या दलालाशी बोला, बोली लावल्यानंतर नव्हे.

सगळीकडे लागू पडणारा नियम एकच: नाणं याआधी कुणाकडे होतं याचा कागद मागा. जुन्या लिलावाच्या यादीतली नोंद, जुनं बिल, जुना फोटो. दागिन्यातल्या नाण्याला इथे एक फायदा असतो. एखाद्या कुटुंबातल्या जुन्या ब्रूचचा फोटो नुसत्या नाण्याच्या फोटोपेक्षा सापडण्याची शक्यता जास्त.

चौथं पाऊल: खरं की खोटं

ज्या दगडावर सोनं घासून कस बघतात त्याला ग्रीक लोक लिडियाचा दगड म्हणत. लिडिया हे आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य. सोन्याची नाणी पाडणारा क्रोइसस राजा त्याच लिडियाचा. पण तुमच्या सोनाराला त्याच्या कसोटीवर हे नाणं घासू देऊ नका. एक रेघ म्हणजे एक नवी जखम.

वजन आणि पाण्यातली परीक्षा घरी करता येते. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. नाण्याचं वजन करा, समजा ८.६० भरलं. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. जवळजवळ शुद्ध सोनं असेल तर ०.४५ किंवा ०.४६ येईल. बावीस कॅरट असेल तर ०.४८, अठरा कॅरट असेल तर ०.५५ च्या घरात. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा फसतो, म्हणून आधी पाण्यात बोटाने हलकेच फिरवा. चार वेळा करा. ज्या आर्किमिडीजच्या नावावर ही युक्ती सांगतात तो सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा, आणि सिराक्यूजची सोन्याची नाणीही अप्रतिम असत, हे जाता जाता.

या परीक्षेने फक्त हलकं सोनं पकडलं जातं. कसलेला बनावटगार सोनं अस्सलच वापरतो. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन १८३० साली मेला, त्याने पाडलेली ग्रीक नाणी आजही तज्ज्ञांना चकवतात. ताजी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसासोबत डब्यात भरायचा आणि डबा बग्गीच्या आसाला बांधून फिरायला जायचा.

म्हणून दहापट भिंग घ्या आणि कडेपासून सुरुवात करा. खरं नाणं पाडलेलं असतं, म्हणजे तापवलेली सोन्याची गोळी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेली. त्यामुळे कड थोडी फाटलेली, दबलेली, वेडीवाकडी असते, गोलाई बेताचीच, चित्र बहुतेक वेळा एका बाजूला सरकलेलं. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची सांध दिसते, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकासारखे खड्डे, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ. आणि इंटरनेटवर त्याच जातीची आणखी नाणी शोधा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची पेला नावाची यादी सगळ्यांना खुली आहे, अलेक्झांडरच्या नाण्यांची प्रत्येक जात तिथे ‘प्राइस क्रमांका’ने, म्हणजे मार्टिन प्राइस या अभ्यासकाने दिलेल्या क्रमांकाने, लावलेली आहे. ठसा सारखा निघाला तर हरकत नाही, एका ठशातून शेकडो नाणी पडायची. पण कडेची फाट, सरकलेलं चित्र आणि ओरखडा, तिन्ही दोन नाण्यांवर हुबेहूब सारखे दिसले तर दोन्ही एकाच साच्यातली. तिथून उठा.

आता जखमा वाचा. हे मला सर्वांत रंजक वाटतं. झाळ कुठे लागली होती ते भिंगातून कळतं, तिथे सोन्याचा रंग किंचित फिका किंवा लालसर असतो. ती खूण अथेनाच्या शिरस्त्राणाच्या तुऱ्याच्या वर असेल तर जुन्या मालकिणीने अथेना दर्शनी ठेवली होती. नाइकीच्या डोक्यावर असेल तर नाइकी. मागची बाजू कपड्याला घासून जास्त गुळगुळीत झालेली असते, तीही पाहा. माझ्या नाण्यावर नाइकीचा चेहरा पुसट झालाय आणि अथेनाच्या माळेतले मणी अजून मोजता येतात.

विक्रेत्याने एनजीसीसारख्या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या संस्थेच्या बंद प्लास्टिकमधलं नाणं दिलं तर चांगलंच, मात्र ते मत असतं, हमी नसते. आणि घालायचं असेल तर ते प्लास्टिक तुम्हाला फोडावंच लागणार.

पाचवं पाऊल: पैसे

थोडक्यात. साध्या स्टेटरची किंमत सोन्याच्या भावाहून पुष्कळ जास्त असते, जखमी असलं तरी. लिलावात पडलेल्या बोलीवर खरेदीदाराकडून जादा आकार, म्हणजे शुल्क, घेतात, बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास. वर विमा असलेलं टपाल, वर कर. म्हणून आकडा ठरवताना शेवटून मागे या. एकूण किती सोसवतं, मग त्यातून सगळे आकार वजा, मग बोली. आणि ‘सोनं आहे, भाव वाढतोच’ असं मनाला समजावून घेऊ नका. त्यासाठी वळं घ्या.

सहावं पाऊल: सोनाराकडे

माझी मोठी चूक इथे झाली. पहिलं हेक्टे मी इथल्या ओळखीच्या एका कारागिराकडे दिलं, मूळचा आपल्याकडचा, हात सोन्याचा. दोन दिवसांनी गेले तर काका खुशीत.

“ताई, किती मळलं होतं! बघा आता कसं लखलखतंय.”

मजुरीत न धरता, आपुलकीने, त्यांनी त्याला उजाळा दिला होता. सिंहाच्या आयाळीत बसलेली लालसर माती, ज्यामुळे केस न् केस उठून दिसत होता, ती गेली होती. सिंह नुकत्याच घेतलेल्या बटणासारखा दिसत होता. काय बोलणार? चहा प्यायले आणि घरी आले. चूक माझी. चांगल्या सोनाराच्या मते मळकं सोनं परत देणं म्हणजेच निष्काळजीपणा. त्याला आधी सांगायला हवं होतं.

म्हणून आता कागदावर लिहून देते, आणि तुम्हीही द्या. नाण्याला उजाळा नाही. नाण्याला झाळ नाही. नाणं चौकटीत असताना चौकटीला आच नाही. कड तासायची नाही, ‘गोल करून’ द्यायचं नाही.

तयार चौकटी या नाण्यांना बसत नाहीत, त्या गिनीसारख्या गोल नाण्यांसाठी असतात. प्रत्येक प्राचीन नाण्याचा घेर वेगळा. मी नाणं कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने बाह्यरेषा काढते, व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी जाडी मोजून त्या रेषेवरच लिहिते आणि तो कागद सोनाराला देते. नाणं माझ्याकडेच. चौकट, वरची कडी, सगळी झाळ आधी पुरी होते. मग एक दिवस समोर बसून नाणं आत बसवायचं. दोन पद्धती चांगल्या. एक, चौकट वर फटीने उघडी आणि बारीक स्क्रूने आवळायची. दुसरी, चार किंवा सहा पंजे, थंडच वळवलेले, पण पंज्याचं टोक चेहऱ्यावर किंवा अक्षरावर येऊ द्यायचं नाही. जुनी जखम जिथे असेल तिथे पहिला पंजा. चौकटीची मागची बाजू उघडी ठेवा, नाहीतर नाइकी कायमची अंधारात.

चौकट बावीस कॅरटची केली तर रंग जुळतो, अठराची केली तर पंजे जास्त टिकतात. मी अठरा घेतली. भारतात करून घेत असाल तर हॉलमार्कची खूण रिकाम्या चौकटीवरच उमटवून घ्या, नाणं त्या केंद्रात पाठवू नका. आणि कडेला कोरून घ्या: राजा, टांकसाळ, काळ. देवनागरीत. माझ्या चौकटीवर ‘अलेक्झांडर, अँफिपोलिस’ आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. नाण्याच्या दोन्ही बाजूंची ‘वर’ एक नसते. अथेना सरळ उभी केली की मागची नाइकी आडवी किंवा डोक्यावर असू शकते, कारण ठसे हाताने धरलेले. म्हणून कडी लावायच्या आधी दर्शनी बाजू ठरवा, नाणं दोऱ्याने टांगून आरशासमोर धरा आणि त्या जागी चौकटीवर खूण करा. नंतर कळलं की देवी वाकडी मान करून बसली आहे, तर सगळं पुन्हा.

सातवं पाऊल: घालणं आणि सांभाळणं

पदक म्हणून घाला, आखूड साखळीत, गळ्याच्या खळगीजवळ. लांब साखळीत ते टेबलाच्या कडेला आपटत राहतं. अंगठीत स्टेटर बसवू नका. शुद्ध सोनं इतकं मऊ की दाराची कडी लावता-लावता अथेनाचं नाक जाईल. बांगडीला लोंबतं ठेवणं त्याहून वाईट. हिऱ्यांच्या किंवा दुसऱ्या नाण्यांच्या शेजारी नको. मंगळसूत्रासोबत घालत असाल तर वाट्या त्याच्यावर आपटणार नाहीत इतकं अंतर ठेवा.

घरच्या सोन्यासारखं रिठ्याच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासायची सवय इथे चालणार नाही. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, बोटाने हलकेच, मऊ फडक्यावर टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. अल्ट्रासॉनिक यंत्र नाही. अत्तर आणि क्रीम आधी, नाणं शेवटी. घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर ते खोलीबाहेर न्या, पारा सोन्याला चिकटतो आणि मग निघत नाही. रात्री वेगळ्या मऊ पिशवीत.

कागदांची एक फाइल करा: बिल, आधीच्या मालकीची नोंद, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, काट्यावरच्या आकड्यासकट. विमा काढताना सराफाचं मूल्यांकन चालत नाही, तो फक्त सोन्याचा भाव धरतो. नाण्यांच्या जाणकाराकडून लिहून घ्या.

आणि वर्षातून एकदा नाणं चौकटीतून काढून वजन करा. मी दसऱ्याला करते, पूजेला लावायच्या आधी. घेतलं तेव्हा ८.४७ भरलं होतं, मागच्या दसऱ्याला ८.४६. काट्याची चूकही असेल.